टीकाकारांची काशी

काशीच्या पांडित्याविषयी दोन परस्परविरुद्ध मते दीर्घकाळ चालत आली आहेत. पहिल्या मताप्रमाणे सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतची काशी ही अखिल भारताच्या विद्येची राजधानी होती. काशीने ज्याला मान दिला त्याच्या पांडित्याविषयी अन्यत्र कोणी शंका घेत नसे. दुसऱ्या मताप्रमाणे याच अडीच शतकांत तेथील विद्या गोठली. नवे दर्शन जन्मले नाही, नवे शास्त्र उभे राहिले नाही. सूत्रावर भाष्य, भाष्यावर टीका, टीकेवर टिप्पण अशी रास मात्र वाढत गेली. दळलेलेच पीठ पुन्हा दळण्याचा हा उद्योग होता, असा या मताचा आशय आहे. ही दोन्ही मते एकाच ग्रंथसंभाराकडे पाहून बनलेली आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. महाराष्ट्राला तर या वादात तटस्थ राहताच येत नाही. कारण त्या ग्रंथसंभाराचा मोठा भाग गोदातीरावरून काशीस गेलेल्या घराण्यांनीच रचला आहे.

पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीस जाऊन स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांचा जन्म १५१३ चा. काशीविश्वेश्वराच्या मंदिराची सोळाव्या शतकाच्या अखेरीस जी पुनर्रचना झाली, तिच्याशी त्यांचे व राजा तोडरमल्लाचे नाव निगडित आहे. नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट यांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पूर्ण केला. दुसरे नातू नीलकंठभट्ट यांनी बारा ‘मयूखां’चा ‘भगवंतभास्कर’ रचला. आणि कमलाकरभट्टांचे पुतणे विश्वेश्वर, म्हणजेच गागाभट्ट, यांचे नाव महाराष्ट्रातील मुलालाही ठाऊक आहे. महाभारतावर ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिणारे नीलकंठ चतुर्धर कोपरगावचे. कवींद्राचार्य सरस्वती हे संन्यासी गोदातीरीचेच. नागेशभट्ट काळे हे महाराष्ट्रीय. एकाच नगरीत एकाच प्रांतातून आलेल्या विद्वानांचा इतका समुदाय सहसा जमत नाही. आणि हा समुदाय जर केवळ पाठांतर करीत बसला असेल, तर तो दोष महाराष्ट्राच्या पदरीही घालावा लागेल.

या प्रश्नाचा विचार करताना प्रथम एका निराळ्या टीकेची आठवण ठेवली पाहिजे. संत एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपल्या मराठी ग्रंथाचे पहिले पाच अध्याय पैठणास लिहिले आणि उरलेला ग्रंथ काशीत पुरा केला. तो पूर्ण झाला शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेस, म्हणजे १५७३ मध्ये. प्राकृतात असा ग्रंथ लिहिल्याबद्दल काशीच्या पंडितांनी नाथांना जाब विचारला आणि शेवटी त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, असे चरित्रकार सांगतात. चरित्रकारांच्या कथेत भक्तीचा रंग असणारच. परंतु ग्रंथ काशीत पुरा झाला याविषयी शंका नाही, कारण तो ग्रंथच तसे सांगतो. अठरा हजारांहून अधिक ओव्यांचे हे लेखन स्वरूपाने टीकाच आहे. एकेक श्लोक घ्यावा आणि त्याचा अर्थ उलगडावा, हीच त्याची पद्धती. तथापि त्यातील नवेपणा कोणाला दाखवून द्यावा लागत नाही. श्रोता बदलला, भाषा बदलली आणि त्याबरोबर टीकेचा प्राणही बदलला. तेव्हा टीका म्हणजे पुनरुक्ती, हे समीकरण येथेच ढासळते. मौज अशी की, नाथांच्या वंशजांनी पुढे काशीत राहून पुन्हा संस्कृतचाच आश्रय केला. आपदेवांचा ‘मीमांसान्यायप्रकाश’ आणि त्यांचे पुत्र अनंतदेव यांचा ‘स्मृतिकौस्तुभ’ हे ग्रंथ त्या कुळातले. हा वंश पैठणच्या एकनाथांचाच होय, असे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी मानले आहे.

संस्कृत टीकेतही नवेपणा येत असे. मात्र तो उघड्या तोंडाने येत नसे. पाश्चात्य तत्त्ववेत्ता पूर्वसूरींची पाटी पुसून आपला सिद्धांत मांडतो आणि त्यावर स्वतःचे नाव घालतो. काशीचा पंडित आपला सिद्धांत पाणिनीच्या किंवा जैमिनीच्या पोटातून काढून दाखवी. सूत्रकाराच्या मनात हेच होते, पूर्वीच्या टीकाकारांना ते उमगले नाही, एवढेच तो म्हणे. या विनयाच्या आड पुष्कळदा मोठे साहस दडलेले असे. भट्टोजी दीक्षितांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांच्या घराण्याच्या मूळ देशाविषयी मतभेद आहेत. परंतु त्यांची कर्मभूमी काशी होती. पाणिनीच्या सुमारे चार हजार सूत्रांचा मूळ क्रम मोडून त्यांनी ‘सिद्धांतकौमुदी’त ती विषयवार लावली. रामचंद्राच्या ‘प्रक्रियाकौमुदी’ने ही वाट आधी दाखविली होती; पण भट्टोजींच्या ग्रंथाने ती राजमार्ग झाली आणि पुढे असंख्य विद्यार्थी पाणिनीपर्यंत कौमुदीच्या दारातूनच पोचले. ‘प्रौढमनोरमा’ या आपल्या टीकेत तर भट्टोजींनी आपले गुरू शेषकृष्ण यांच्या मतांचेही खंडन केले. त्याबरोबर गदारोळ उठला. शेषकृष्णांच्या पुत्राजवळ शिकलेल्या जगन्नाथ पंडितांनी ‘मनोरमाकुचमर्दन’ नावाचा ग्रंथच लिहिला आणि भट्टोजींना गुरुद्रोही ठरविले. याच जगन्नाथ पंडितांनी ‘रसगंगाधरा’त उदाहरणादाखल केवळ स्वतःचेच श्लोक घेतले, दुसऱ्याचे काहीही उसने घेतले नाही, असे अभिमानाने नमूद केले आहे. जेथे शिष्य गुरूला खोडतो, त्या शिष्याला दुसरा पंडित भर सभेत झोडपतो आणि तिसरीकडे कवी आपल्या स्वतंत्रतेची द्वाही फिरवितो, त्या नगरीला मृत म्हणणे कठीण आहे.

हा नवेपणा केवळ शब्दांच्या खेळापुरता राहिला असता, तर त्याचे फारसे मोल नव्हते. परंतु काही वेळा त्याने माणसांची आयुष्ये बदलली. नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ घ्यावा. अपुत्र मृताची संपत्ती कोणाकडे जावी, हा जुना प्रश्न. गोत्रज आप्तांना तीत क्रमाने हक्क होता. परंतु ‘मिताक्षरे’ने त्यांत बहिणीचे नाव घेतले नव्हते. नीलकंठभट्टांनी ‘गोत्रज’ या शब्दाचा अर्थ अक्षरशः घेतला. भावाच्या गोत्रात जी जन्मली तीही गोत्रजच, असे म्हणून त्यांनी आजीच्या मागोमाग बहिणीला स्थान दिले. हा अर्थ एका शब्दाच्या व्युत्पत्तीतून निघाला. नवा कायदा केल्याचा आव त्यांत कोठेही नाही. पुढे इंग्रजी अमदानीत गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण या भागांत ‘मयूखा’ला श्रेष्ठ प्रमाण मानले गेले आणि मुंबई इलाख्यातील बहिणींना वारसाहक्कात जे स्थान मिळाले, ते अन्य प्रांतांतील बहिणींना कितीतरी काळ मिळाले नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हा जुना भेद मिटविला. काशीतील एका टीकाकाराने एका शब्दाकडे नव्याने पाहिले आणि तीनशे वर्षे त्याचे फळ घरोघर मिळत राहिले.

गागाभट्टांच्या कार्यालाही हीच कसोटी लावता येते. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. कलियुगात क्षत्रिय उरलेच नाहीत, असे मानणारा पंडितवर्ग तेव्हा बलवान होता. शिवाय असा विधी प्रत्यक्ष पाहिलेला पुरोहितही मिळणे दुरापास्त होते. गागाभट्टांनी जुन्या ग्रंथांतील वचने एकत्र करून राज्याभिषेकाचा प्रयोग सिद्ध केला. त्यातील प्रत्येक मंत्र जुना होता. त्यांची जुळणी मात्र नव्या राज्यासाठी झाली होती. त्यांचे पणजोबा नारायणभट्ट यांनीही ‘त्रिस्थलीसेतू’त असाच मार्ग काढला होता. परधर्मीय सत्तेमुळे विश्वेश्वराचे लिंग जागेवर नसले, तरी त्या स्थानाची पूजा व प्रदक्षिणा करावी, यात्रा निष्फळ होत नाही, असा त्यांचा निर्णय होता. हजारो यात्रेकरूंच्या मनातील भीती या एका निर्णयाने निवारली. गरज दाराशी येऊन उभी राहिली, म्हणजे निबंधकाराची बुद्धी जुन्यातून नवे घडवीत असे, हाच याचा अर्थ.

असे असताना स्तब्धतेचा आरोप आला कोठून? तो सर्वस्वी खोटा नाही. या विद्वानांचे धैर्य युक्तिवादात दिसते. निष्कर्षापाशी ते अनेकदा अडखळते. मीमांसक खंडदेव हे याचे नमुनेदार उदाहरण होय. ‘भाट्टकौस्तुभ’, ‘भाट्टदीपिका’ आणि ‘भाट्टरहस्य’ या ग्रंथांत त्यांनी नव्यन्यायाची धारदार परिभाषा मीमांसेत आणली. १६६५ मध्ये त्यांचा अंत झाला. यज्ञातील देवतेला शरीर नसते, ती केवळ मंत्रातील शब्दाने निर्दिष्ट होते, हे जैमिनीचे मत त्यांनी ‘भाट्टदीपिके’त कठोर तर्काने सिद्ध केले, आणि मग अशा बोलण्यानेही आपली वाणी विटाळते, तेव्हा हरिस्मरण हाच आपला आधार, असे लिहून ते पुढे गेले. तर्काने ज्या ठिकाणी आणून सोडले, तेथे राहण्याची त्यांची तयारी नव्हती. या काळातील पंडित स्वतःच्या पक्षाला ‘नव्य’, ‘नवीन’, क्वचित ‘अतिनवीन’ असे म्हणवून घेत. अमेरिकन संस्कृतज्ञ शेल्डन पोलॉक यांनी २००१ मध्ये या वर्गावर निबंध लिहून त्याच्या नवेपणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. परंतु या नव्या बुद्धीला जुन्या इच्छेने बांधून ठेवले होते, असाही निष्कर्ष त्यांनी काढला. खंडदेवांच्या त्या एका वाक्यापाशी थांबले असता या निष्कर्षाचा अर्थ कळतो.

याच काळात फ्रेंच प्रवासी फ्रान्स्वा बर्नियर काशीस आला होता. १६६७ च्या आपल्या पत्रात त्याने काशीला हिंदुस्थानचे अथेन्स म्हटले आहे. तेथे युरोपातल्यासारखी महाविद्यालये नाहीत, गुरू आपापल्या घरी किंवा नगराबाहेरच्या बागांत शिकवितात. कोणाजवळ चार शिष्य, कोणाजवळ सहासात, फार झाले तर बारापंधरा. आणि हे शिष्य दहाबारा वर्षे गुरूजवळ राहतात, असे तो लिहितो. काशीच्या प्रमुख पंडिताने त्याला आपल्या ग्रंथशाळेत नेऊन सहा विद्वानांशी त्याची गाठ घालून दिली. हा प्रमुख म्हणजे कवींद्राचार्य सरस्वती असावेत, असे संशोधकांचे अनुमान आहे. यात्रेकरूंवरील कर शाहजहानकडून माफ करून घेणारे हेच ते संन्यासी. त्यांच्या संग्रहाची म्हणून जी यादी छापली गेली आहे, तीत दोन हजारांवर ग्रंथांची नावे आहेत. बर्नियर ज्या दानिशमंदखानाच्या पदरी होता, त्याच्या घरी एक नामांकित पंडितही ठेवलेला होता. त्या घरी बर्नियरने हार्वेच्या रक्ताभिसरणाच्या व पेकेच्या शरीरशास्त्रीय शोधांची माहिती सांगितली, गासेन्दी व देकार्त यांच्या तत्त्वज्ञानाची चर्चा केली. युरोपातील नवी विद्या आणि काशीची विद्या एकाच छपराखाली आल्या होत्या. तथापि या भेटीतून संस्कृतात एकही ग्रंथ निपजला नाही. पूर्वपक्ष म्हणून खोडण्यासाठीदेखील कोणी देकार्तचे नाव घेतले नाही. काशीजवळ उत्तरे देण्याची प्रचंड शक्ती होती. प्रश्न मात्र कोणाचे ऐकावयाचे, हे आधीच ठरून गेले होते.

ज्योतिषशास्त्रात हे चित्र थोडे निराळे आणि म्हणून अधिक उद्बोधक दिसते. गोदातीरीच्या गोलग्राम येथून काशीस गेलेल्या ज्योतिषी घराण्यातील कमलाकर याने १६५८ मध्ये ‘सिद्धांततत्त्वविवेक’ लिहिला. हा कमलाकर ‘निर्णयसिंधु’कारांहून वेगळा. त्याने इस्लामी ज्योतिषातील कितीतरी मते आपल्या ग्रंथात घेतली. ध्रुवतारा अगदी स्थिर नाही, हेही त्याने सांगितले. ज्याची दृष्टी इतकी उघडी, तो सूर्यसिद्धांताचा प्रश्न निघताच मात्र हटवादी होई. त्या ग्रंथाला तो दैवी मानी आणि त्याच्याशी न जुळणाऱ्या भास्कराचार्यांवर तुटून पडे. याच नगरीत राहणारा, वऱ्हाडाकडील घराण्यातला मुनीश्वर भास्कराचार्यांचा अभिमानी. त्याचे आणि कमलाकराच्या घराण्याचे वैर ग्रंथोग्रंथी चालले. आकाश दोघांच्याही डोक्यावर होते. वाद मात्र कोणता ग्रंथ प्रमाण, यावर अधिक रंगला.

या मर्यादांचे खापर पंडितांच्या बुद्धीवर फोडणे अन्यायाचे होईल. त्यांचे जीवन ज्या व्यवस्थेवर चाले, तिचाच हा परिणाम होता. नीलकंठभट्टांना यमुना-चंबळेच्या संगमाजवळील भरेहचा भगवंतदेव, अनंतदेवांना कुमाऊंचा बाजबहादुरचंद्र, नागेशभट्टांना शृंगवेरपूरचा रामसिंह असे आश्रयदाते होते. या राजांना धर्मनिर्णयाचा संग्रह हवा असे. आपल्या नावाचा ‘भास्कर’ किंवा ‘कौस्तुभ’ हवा असे. महाराष्ट्रातूनही काशीकडे प्रश्न जात ते ज्ञातींच्या अधिकाराचे, प्रायश्चित्ताचे, दत्तकाचे. १६५७ मध्ये विश्वेश्वराच्या मुक्तिमंडपात सभा भरवून काशीच्या पंडितांनी देवरुखे ब्राह्मणांविषयी जे निर्णयपत्र दिले, ते अशाच एका प्रश्नाचे उत्तर होते. जो प्रश्न विचारला जातो, त्याच दिशेने विद्या वाढते. शिवाय छापखाना नव्हता. हस्तलिखिताच्या जगात जुने ग्रंथ जपणे, त्यांचे पाठ शुद्ध ठेवणे आणि ते समजतील असे करून पुढच्या पिढीच्या हाती देणे, हेच मोठे काम होते. कमलाकरभट्टांनी शंभर स्मृती आणि तीनशेहून अधिक निबंधकार यांचा परामर्श घेतला आहे, असे काणे यांनी दाखविले. हे केवळ संकलन म्हणून हिणविणे सोपे आहे. त्यांतील कितीतरी ग्रंथ आज नावानेच उरले आहेत, हे मात्र विसरता येत नाही.

या परंपरेचे शेवटचे उत्तुंग शिखर म्हणजे नागेशभट्ट. ‘परिभाषेंदुशेखर’, ‘लघुशब्देंदुशेखर’, ‘लघुमंजूषा’ आणि महाभाष्यप्रदीपावरील ‘उद्द्योत’ हे त्यांचे ग्रंथ वैयाकरणांना कंठस्थ असत. त्यांना अपत्य नव्हते. शब्देंदुशेखर हा आपला पुत्र आणि मंजूषा ही कन्या, असे ते म्हणत. जयपूरच्या सवाई जयसिंहाचे निमंत्रणही त्यांनी क्षेत्रसंन्यासाचे कारण सांगून नाकारले, अशी परंपरा आहे. पाणिनीचे व्याकरण वाचताना जे अलिखित नियम गृहीत धरावे लागतात, त्यांची ‘परिभाषेंदुशेखरा’त त्यांनी झडती घेतली, कोणता नियम खरोखर आवश्यक आणि कोणता पूर्वसूरींनी उगाच मानलेला, हे निवडून काढले. ही दृष्टी चिकित्सकाची आहे. पण नागेशभट्टांनंतर काय झाले? शिष्य वैद्यनाथ पायगुंडे यांनी त्यांच्या ग्रंथांवर टीका लिहिल्या, त्यानंतर आणखी टीका झाल्या आणि हळूहळू ज्या ग्रंथाने जुन्या नियमांची झडती घेतली, तोच ग्रंथ पाठ करावयाचा नियम होऊन बसला. स्तब्धता कशी येते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही. शंका घेण्यासाठी लिहिलेल्या ग्रंथाचीच पूजा सुरू झाली.

१७९१ मध्ये जोनाथन डंकन याने काशीत संस्कृत पाठशाळा स्थापिली. आजचे संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय ते हेच. या पाठशाळेत १८४२ पासून शिकविणारे पुण्याचे बापूदेव शास्त्री यांनी ‘सूर्यसिद्धांता’चे इंग्रजी भाषांतर केले, हिंदीत बीजगणित लिहिले आणि प्रत्यक्ष वेधांशी जुळणारे पंचांग काढून रूढ पंचांगाला आव्हान दिले. दोन शतकांपूर्वी कमलाकर जेथे थबकला होता, तेथून हे पाऊल पुढे पडले. बाळशास्त्री रानडे यांच्यासारख्या विद्वानांच्या हातून व्याकरणाची परंपरा तेजस्वी राहिली. १८६६ पासून निघू लागलेल्या ‘पंडित’ या मासिकाने जुने ग्रंथ छापून जगापुढे ठेवले. मात्र त्याच सुमारास परीक्षा आल्या, नेमलेली पुस्तके आली आणि भर सभेत प्रतिपक्षाशी झुंजताना जो ग्रंथ उपयोगी पडे, तो उत्तरपत्रिकेत उतरविण्यापुरता उरू लागला.

तेव्हा काशीच्या पंडितांवरील आरोपाचा निकाल एका शब्दात देता येत नाही. टीका लिहिली म्हणून त्यांची विद्या गोठली, हे म्हणणे ‘व्यवहारमयूखा’पुढे आणि नाथांच्या भागवतापुढे टिकत नाही. जोवर समोर खंडन करणारा जिवंत प्रतिपक्षी होता, दाराशी निर्णय मागणारा यात्रेकरू, राजा किंवा हक्क हरवलेली बहीण उभी होती, तोवर जुन्या शब्दांतून नवे अर्थ निघत राहिले. परक्या घरातून आलेला प्रश्न ऐकण्याची सवय सुटली, गुरूला खोडणारा शिष्य दुर्मिळ झाला, तेव्हा त्याच टीका ओझे बनल्या. ग्रंथ तेच होते आणि ते वाचणारेही तितकेच बुद्धिमान होते. ते ग्रंथ कशासाठी उघडावयाचे, याचे भान मात्र उरले नव्हते.